फुटलेल्या ब्युरेटबद्दल आभार

(वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण.)



बाईंनी मला सांगितलं, दहा मिनिटं बोल, आभार मान आणि रडू नकोस. मागच्या वर्षी जी ताई बोलली ती रडली होती, म्हणून. मी रडणार नाही. पण दहा मिनिटांत बसेल असं वाटत नाही, तेव्हा चहा थोडा उशिरा होईल.

मी अक्राणी तालुक्यातली. धडगावच्याही वर, डोंगरात आमचा पाडा आहे. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी मला शाळेत आली. इंग्रजी अकरावीला आली, म्हणजे पुस्तकात आली, माझ्यात नाही. तुम्ही माझी कॉलेजची फी भरता, अ‍ॅप्रन, जर्नल, पुस्तकं, बसचा पास, सगळं देता. त्याबद्दल मनापासून आभार. पण आज मला एका खास वस्तूबद्दल आभार मानायचे आहेत, आणि ती वस्तू आता नाही, कारण मी ती फोडली.

तिला ब्युरेट म्हणतात. तुमच्यापैकी ज्यांनी सायन्स केलं त्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. दोन-अडीच फूट लांब, अंगठ्याहून बारीक अशी काचेची सरळ नळी, अंगावर रेघा, आणि खाली एक तोटी. आत ५० मिलिलिटर मावतं. एक मिलिलिटरचे दहा भाग केलेले असतात, प्रत्येक भागाला एक रेघ. ती लोखंडी स्टँडला उभी अडकवायची, आत द्रावण भरायचं आणि तोटीतून थेंब थेंब खाली सोडायचं. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचं अर्धं प्रॅक्टिकल या एका नळीभोवती फिरतं.

आता तुम्ही म्हणाल, बारावी सायन्स होऊन गेलेली मुलगी, तिला ब्युरेट नवीन कशी? खरं सांगते. माझ्या शाळेत काचसामान होतं. एका मोठ्या कपाटात होतं, काचेच्या दारातून दिसायचं, आणि त्या दाराला कुलूप होतं. आम्ही विचारलं की उत्तर एकच, फुटलं तर कोण भरणार? सर वाईट नव्हते. त्यांच्या नावावर ते सामान होतं, पगारातून कापलं जाईल ही त्यांना खरोखर भीती होती. म्हणून प्रयोग फळ्यावर झाले. फळ्यावर आकृती, फळ्यावर कृती, फळ्यावरच रीडिंग. आम्ही उतरवून घेतलं. माझं जर्नल सगळ्यांत सुंदर होतं, आकृत्या पेन्सिलीनं काढलेल्या, वर्गात दाखवायला नेत असत. दोन वर्षांचं पूर्ण जर्नल, आणि मी एकही परीक्षानळी ओली केलेली नव्हती.

तर कॉलेजातलं पहिलं प्रॅक्टिकल. वीस जणांची बॅच. प्रत्येकासमोर सामान मांडलेलं आणि एक इंग्रजी यादी, तपासून सही करा. मला मराठी शब्द सगळे पाठ होते. चंचुपात्र, शंकुपात्र, नरसाळं, मोजपात्र. यादीत बीकर, कॉनिकल फ्लास्क, फनेल, मेजरिंग सिलिंडर. चंचुपात्र म्हणजे बीकर हे मला माहीतच होतं, पण घाबरल्यावर माहीत असलेलं कुठे जातं कोण जाणे. मी सगळ्यावर सही करून टाकली. त्यातली एक पिपेट मला मिळालीच नव्हती हे नंतर कळलं.

प्रयोग साधा होता. शंकुपात्रात पिपेटनं मोजून १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल घ्यायचं. त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे. ते आम्लात रंगहीन राहतं आणि अल्कात गुलाबी होतं. वरून ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडत जायचं. आम्ल संपलं की पुढचा एखादा थेंब पाण्याला फिकट गुलाबी करतो आणि तो रंग हलवला तरी जात नाही. तिथे थांबायचं. किती मिलिलिटर लागलं ते लिहायचं. यालाच अनुमापन म्हणतात, आणि सगळे टायट्रेशन म्हणतात.

कृती मला पाठ होती. हाताला पाठ नव्हती. ब्युरेट आधी उंच स्टँडला लावली आणि मग लक्षात आलं की वरून ओतायला माझा हात पुरत नाही. ती खाली काढून भरायची असते हे जर्नलात कुठेच लिहिलेलं नव्हतं. नरसाळं वरच राहू दिलं, त्याच्या बुडाशी अडकलेले थेंब नंतर आत टपकले आणि रीडिंग कमी आलं. दुसऱ्या वेळी तोटीखाली हवेचा बुडबुडा होता, तो मध्येच सुटला आणि रीडिंग वाढलं. तोटी डाव्या हातानं धरायची आणि उजव्या हातानं खालचं भांडं गोल हलवायचं. माझा डावा हात थांबला की उजवाही थांबायचा. आणि रंग! मला वाटलं, जितका छान गुलाबी तितकं बरोबर. मी राणी रंग आणला, लुगड्याला शोभेल असा. मॅडम शेजारून जाताना म्हणाल्या, "अगं, तुझा स्टॉप गेला की मागेच. तू पार शेवटच्या गावाला जाऊन पोचलीस."

तीन वेळा करायचं असतं आणि तिन्ही रीडिंग जुळावी लागतात. जुळतं त्याला सी.बी.आर. म्हणतात. माझी रीडिंग आली ९.६, ११.२ आणि १०.७. मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांची १०.१, १०.१, १०.१. मला वाटलं, ही सगळी शहरातली मुलं, यांचे हात केवढे तयार आहेत. दोन-तीन आठवड्यांनी कळलं की कोपऱ्यातला एक मुलगा खरं टायट्रेशन करायचा आणि त्याचा आकडा टेबलावरून टेबलावर जायचा. मीही १०.१ लिहिलं. सही मिळाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. इथे पाळकसाहेबांसमोर उभी आहे म्हणून लपवत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरमधलं माझं जर्नल बहुतेक दुसऱ्याच्या हातचं आहे. फळ्यावरून उतरवायची सवय होतीच. आता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत होते, एवढाच फरक.

मग ती फुटली. जोरात आपटली वगैरे नाही. तोटी घट्ट बसली होती, मी जोर लावला, आणि तोटीच्या वरच नळी तुटली. द्रावण टेबलावरून खाली गेलं. मॅडम म्हणाल्या, हात धू, पाणी टाक, पुढे बघू. रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, साडेचारशे रुपये.

माझे बाबा त्या दिवसांत गुजरातला जायच्या तयारीत होते. दिवाळीनंतर आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला तिकडे जातात, मुकादमाकडून आधी उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत तोडतात. साडेचारशे रुपये म्हणजे काय ते मला नीट कळत होतं. बाबांना सांगणं शक्य नव्हतं. बाईंना सांगायची लाज वाटत होती, कारण माझी फी आधीच लोक भरतात, त्यात आणखी फोडलेल्याचे पैसे कसे मागायचे? मी तीन आठवडे प्रॅक्टिकलला गेले नाही. त्या वेळात लायब्ररीत बसायचे. पुस्तक उघडं ठेवून. मग एका शनिवारी बॅग भरली. दुपारची धडगावची बस होती.

बाई दारात भेटल्या. कुठे, म्हणाल्या. मी म्हटलं, घरी. कशाला? आणि मग सगळं बाहेर आलं, ब्युरेट, साडेचारशे, १०.१, सगळं एकदम. बाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, फाइल घेऊन आल्या आणि माझी कॉलेजची पावती काढली. पावती इंग्रजीत. फीचे सात-आठ प्रकार एकाखाली एक छापलेले. बाईंनी चष्मा लावून एक एक वाचलं. चौथ्या की पाचव्या ओळीत होतं, लॅबोरेटरी ब्रेकेज डिपॉझिट, ५०० रुपये.

बाईंनाही तोपर्यंत ठाऊक नव्हतं की ते कशासाठी असतं. खिडकीवर जेवढे मागितले तेवढे त्यांनी जुलैत भरले होते. मला तर पावती कोणी दाखवलीच नव्हती. म्हणजे मी ज्या ब्युरेटसाठी पळून चालले होते, तिचे पैसे तुम्ही तीन महिने आधीच भरून ठेवले होते. मी फोडणार हे धरूनच चालले होते सगळे, मला सोडून.

बंधुभगिनींनो, म्हणून त्या ब्युरेटबद्दल आभार.

सोमवारी मी लॅबमध्ये गेले. तिथे एक मामा आहेत, लॅब असिस्टंटच्या हाताखाली काम करणारे. द्रावणं तयार करतात, काच धुतात, सामान मांडतात. सातवी शिकलेले आहेत. मला पाहून म्हणाले, "आलीस का? शनिवारी दुपारी ये, बॅच नसते." मॅडमची परवानगी त्यांनीच घेतली. शनिवारी गेले तर ब्युरेट काढून ठेवलेली, आणि शेजारी बादलीभर साधं पाणी. मी विचारलं, द्रावण? "पाण्यानं शीक. पाणी फुकट आहे."

दोन शनिवार मी फक्त पाणी सोडलं. तोटीला हात कसा लपेटायचा की ती बाहेर ओढली न जाता आत दाबली जाते. डोळा पाण्याच्या पातळीला आणून खालच्या कडेचं रीडिंग कसं घ्यायचं, कारण नळीत पाण्याचा पृष्ठभाग वाटीसारखा खोलगट असतो आणि वरून पाहिलं की आकडा बदलतो. मागे पांढरा कागद धरला की कड स्पष्ट दिसते. पिपेट तोंडानं ओढायची नाही, रबरी बल्ब लावायचा. ब्युरेट आणि पिपेट आत भरायच्या द्रावणानंच विसळायच्या, पण शंकुपात्र मात्र फक्त शुद्ध पाण्यानं, कारण त्यात द्रावण चिकटून राहिलं तर मोजलेल्या १० मिलिलिटरपेक्षा जास्त होतं. हे कारण मला पुस्तकातून दोन वर्षांत कळलं नव्हतं. मामांनी मला थेंब मोजायला लावले. वीसेक थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे ज्या १०.१ वर सगळा वर्ग हसतखेळत एकमत करत होता, त्यातल्या शेवटच्या .१ साठी दोन थेंबांवर ताबा लागतो. तिसऱ्या शनिवारी त्यांनी तोटी फिरवायला लावून अर्धा थेंब टोकाशी लटकवला आणि भांड्याच्या कडेला टेकवून उतरवून घेतला. ते बघून मला जे वाटलं ते मी घरी कोणाला समजावू शकले नाही.

थिअरीचं थोडं सांगते, कारण तिथे गोष्ट तितकी चांगली नाही. मोल नावाची कल्पना आहे. सगळं रसायनशास्त्र त्यावर उभं आहे आणि ती मला इंग्रजीतून कळेना. अणू-रेणू इतके लहान की ते एकेक मोजता येत नाहीत, म्हणून गठ्ठ्यानं मोजतात. एका गठ्ठ्यात किती, तर ६०२ लिहून पुढे २१ शून्यं. मी ते पाठ केलं आणि काही कळलं नाही. मग एक दिवस वाटलं, मोल काय, ही तर मोळी. आमच्याकडे बायका लाकडाची मोळी बांधतात. समजा प्रत्येक मोळीत काटक्या सारख्याच मोजून घातल्या, तरी सागाच्या काटक्यांची मोळी आणि बांबूच्या काटक्यांची मोळी वजनाला सारखी भरणार नाही. तसंच पाण्याची एक मोळी १८ ग्रॅम, मिठाची ५८.५ ग्रॅम, साखरेची ३४२ ग्रॅम. आतली संख्या तीच. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या, पण पुढच्या तासाला फळ्यावर त्यांनी मोळी काढली. तरीही पहिल्या सत्रात मला थिअरीत एटीकेटी लागली. मोळी कळली होती, पेपर इंग्रजीत होता. पुढच्या प्रयत्नात सुटले.

प्रॅक्टिकलची परीक्षा मात्र वेगळी झाली. प्रत्येकानं एकट्यानं करायचं, बाहेरचे परीक्षक. माझी रीडिंग आली १२.३, १२.१, १२.१. शेजारची मुलगी ओठ न हलवता म्हणाली, "९.७ लिही, सगळ्यांचं ९.७ आहे." तुम्हाला सांगते, माझा पेन थांबला. वर्गभर ९.७ आणि मी एकटी १२.१. चूक माझीच असणार, नेहमी असतेच. पण दोनदा १२.१ आलं होतं, नरसाळं काढलेलं होतं, बुडबुडा नव्हता, रंग फिकट होता. हे चारही मी तपासले होते. मी १२.१ लिहिलं आणि हात मांडीखाली घालून बसले.

नंतर कळलं की मामांनी मॅडमच्या सांगण्यावरून आम्लाच्या चार बाटल्या चार वेगवेगळ्या तीव्रतेच्या केल्या होत्या. ९.७ त्या मुलीच्या रांगेचं होतं.

आता पाण्याची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही.

आमच्या पाड्यावर दोन पाणी आहेत. एक हातपंप, शाळेजवळ, घरापासून दोन मिनिटांवर. दुसरा झिरा. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डा खणला की आत पाणी झिरपतं, ते वाटीनं भरून घ्यायचं. झिऱ्याला जाऊन यायला पाऊण तास. हातपंप असताना माझी आई, काकू, सगळ्या बायका झिऱ्याला जातात. आशाताई रागावतात, गावात आलेले साहेब रागावतात, शाळेतले सर म्हणायचे की या लोकांना सवय सोडवत नाही. आई एकच सांगते, "पंपाचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही." कोणी ऐकून घेतलं नाही. मीही नाही. शाळेत जात होते ना, मला वाटायचं आईला जंतू माहीत नाहीत.

दुसऱ्या सत्रात एक प्रयोग असतो, पाण्याची कठीणता मोजायची. मराठी पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, साबणाला फेस न येणारं. मॅडमनी सांगितलं, आपापल्या घरचं पाणी आणा. मी होळीच्या सुट्टीत घरी गेले होते, येताना दोन बाटल्या आणल्या. एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, एवढं जपून काय नेतेस? म्हटलं, पाणी. तो पुढे गेला.

या टायट्रेशनमध्ये ब्युरेटमध्ये ईडीटीए नावाचं द्रावण असतं. ते पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला पकडतं. पाण्यात अमोनियाचं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकला की रंग येतो जांभळट लाल, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळं पकडलं गेलं की स्वच्छ निळा. गुलाबीपेक्षा हा रंग ओळखायला अवघड, कारण मध्ये जांभळा लागतो आणि तिथे माणूस फसतं. मी ५० मिलिलिटर पाणी घेतलं. हातपंपाच्या पाण्याला लागलं २१.३, २१.४, २१.४. झिऱ्याच्या पाण्याला ६.२, तिन्ही वेळा. हिशेब केला. हातपंप, लिटरला ४२८ मिलिग्रॅम. झिरा, १२४.

त्या दिवशी लॅबमध्ये एक गंमत झाली. प्रत्येकाचं पाणी वेगळं होतं, कोणी विहिरीचं आणलेलं, कोणी नळाचं, कोणी टँकरचं. कोणाचंच रीडिंग कोणाशी जुळत नव्हतं. कोपऱ्यातल्या मुलाकडे जाऊन उपयोग नव्हता. सगळे आपापल्या ब्युरेटकडे बघत होते आणि लॅब कधी नव्हे इतकी शांत होती.

मी मॅडमना डाळीचं विचारलं. त्यांनी सांगितलं की डाळीच्या दाण्यात पेशींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला घट्ट बांधतं, म्हणून दाणा मऊ होत नाही. खायचा सोडा चिमूटभर टाकला की शिजते, ती आजीची युक्तीही त्यामुळेच. तासभर जास्त जाळ म्हणजे एक मोळी जास्त लाकूड. झिऱ्यापर्यंतची चाल परवडते ती अशी. आई वीस वर्षं हेच सांगत होती आणि तिच्याकडे आकडा नव्हता, एवढंच.

पण गोष्ट इथे थांबवली तर मी आशाताईंवर अन्याय करीन. आमच्या ईडीटीएला जंतू दिसत नाहीत. त्याला फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिसतं. झिऱ्यावर गुरं येतात, वरच्या अंगाला माणसं जातात. तिथलं पाणी हलकं आहे, स्वच्छ आहे असं मी म्हणू शकत नाही. आणि जड पाणी प्यायला वाईट असतंच असं नाही. भारतीय मानक ब्युरोच्या मानकात कठीणतेची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. आमचा पंप त्यात बसतो. मे महिन्यात घरी गेले तेव्हा आईला आणि आशाताईंना एकत्र बसवलं. म्हटलं, प्यायला पंपाचं, डाळीला झिऱ्याचं, ते उकळतंच. आशाताई म्हणाल्या, हे चालेल. आई म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगत होते?" आणि उठून कामाला गेली. शाबासकी वगैरे काही मिळाली नाही.

आता मागणं. बाईंनी मागू नकोस असं काही सांगितलेलं नाही.

वसतिगृहात या वर्षी अकरावी-बारावी सायन्सच्या नऊ मुली आहेत. त्यांची जर्नलं मी पाहिली. सुंदर आहेत. म्हणून जूनपासून दर शनिवारी दुपारी जेवणघराच्या टेबलावर आम्ही प्रॅक्टिकल घेतो. दोन ब्युरेट, दोन पिपेट, काही बीकर आणि मोजपात्रं, एवढं सामान बाईंनी मागच्या देणगीतून घेऊन दिलं. मामा एकदा येऊन स्टँड नीट करून गेले. पहिले तीन शनिवार फक्त पाणी, तो त्यांचाच नियम. मग लिंबाचा रस, खायचा सोडा, चुन्याची निवळी. दर्शक म्हणून हळद. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे प्रत्येकीनं घरी पाहिलंय, ते टायट्रेशनमध्ये वापरता येतं हे ऐकून मुली चिडतात, आधी का नाही सांगितलं म्हणून. महाग रसायन आम्हाला नको आहे.

मला हवंय ते असं. तुम्ही काचसामानासाठी पैसे द्याल तेव्हा त्यातला एक भाग फुटण्यासाठी वेगळा ठेवा. तसं पावतीवर लिहा, मराठीत लिहा, आणि ती पावती मुलींना दिसेल अशी भिंतीवर लावू द्या. आम्ही सध्या एक वही ठेवली आहे. डावीकडे तारीख, उजवीकडे काय फुटलं. मुलीचं नाव लिहीत नाही.

गेल्या शनिवारी अकरावीच्या एका मुलीच्या हातून मोजपात्र गेलं. १०० मिलिलिटरचं. तिचा चेहरा पाहिला आणि मला माझी बॅग आठवली. ती तुकडे उचलायला वाकली, तर मी म्हटलं, आधी झाडू आण, हात नको लावूस. सगळं झाडून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "ताई, किती रुपये?"

मी तिला वही दिली. तिनं स्वतःच लिहिलं, मोजपात्र, एक. मग उरलेलं लिंबू घेऊन परत टेबलाशी गेली, कारण तिचं तिसरं रीडिंग राहिलं होतं.

ती वही मी आज आणली आहे. मागच्या टेबलावर देणगीच्या पेटीजवळ ठेवली आहे. जाताना पाहा.